आधी बोलणं आलं

नागपुरातल्या हिंगणा रोडच्या आतल्या अंगाला, कंपन्यांच्या बसेस सकाळ-संध्याकाळ माणसं भरून नेतात-आणतात त्या वस्तीत, रुखमाबाईला ओळखत नाही असं घर नव्हतं. एसटीतले ड्रायव्हर चंपतराव यांची ती बायको. चंपतराव वारून सहा-सात वर्षं झाली, तरी दारावरची पाटी त्यांच्याच नावाची. मुलगा धर्मेंद्र एमआयडीसीत मशीनवर, सून मिनल शिवणकाम करते, नात अपेक्षा कॉलेजात. रुखमाबाईची वऱ्हाडी अशी, की बोलायला लागली तर काटोलच्या बाजारातल्या बाया गप्प बसाव्यात. तिचं माहेर चांद्याकडच्या जंगलातलं, एवढं लोकांना ठाऊक होतं. त्याच्या आधी ती कुठली, हे विचारायची गरज कोणाला पडली नव्हती, आणि तिनं सांगितलंही नव्हतं.

तिच्यात वेगळं म्हणावं असं थोडंच होतं. भाजीला ती मोहरी वाटून घालायची. आणि तलावाकाठी ती कधी थांबायची नाही. अंबाझरीवर लेकरांना घेऊन सगळे फिरायला गेले, की ती रस्त्यावरच्या बाकावर पाण्याकडे पाठ करून बसून राही. पाण्यावर जलपर्णी पसरलेली असली, की तिचे हात गार पडत. चंपतरावांना कारण माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं त्यांना ते एकदाच सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसानं पुन्हा कधी विषय काढला नाही.

तिचं जन्मनाव पारुल. ती खुलना जिल्ह्यातली, आज जो बांगलादेश आहे तिथली. एकाहत्तर साली नऊ वर्षांची पारुल एकटी उरली. तिचा मामा आधीच निर्वासित म्हणून चांद्याच्या जंगलातल्या वसाहतीत आला होता, सरकारनं त्याला जमीन दिली होती. छावण्यांमधून फिरत फिरत ती त्याच्यापर्यंत पोचली. मोठी झाली, वसाहतीच्या रस्त्यावरून एसटी चालवणाऱ्या चंपतरावांशी तिचं लग्न झालं, आणि पारुलची रुखमाबाई झाली. मामा-मामी गेल्यावर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी राहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वस्तीच्या मागच्या लेआऊटवर फ्लॅटचं बांधकाम निघालं. ठेकेदारानं बाहेरून मजूर आणले, त्यांच्यासाठी टिनाची खोपटी टाकली. एका दुपारी रुखमाबाई गच्चीवर मेथी वाळत घालत होती, तेवढ्यात खालून एका बाईचा आवाज आला. लेकराला आंघोळीला 'ये बाळा' म्हणून बंगालीत बोलावत होती. "आय सोना, आय."

रुखमाबाईचा हात तिथंच थांबला. मेथी तशीच टाकून ती जिना उतरली आणि पदर सावरत खोपटांपाशी गेली. समोर एक काळीसावळी, किडकिडीत पोरगी दोन-अडीच वर्षांच्या मुलीच्या अंगावर तांब्यानं पाणी ओतत होती. रुखमाबाईनं तोंड उघडलं, पण शब्द लवकर येईनात. इतकी वर्षं न वापरलेली जीभ अडखळली. शेवटी तिनं विचारलं, तुझं गाव कोणतं.

त्या पोरीचे डोळे एकदम भरून आले. "मालदा," ती म्हणाली. ते इकडचं, पश्चिम बंगालमधलं. मग तिनं जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. नवरा मोनिरुल गवंडी आहे, मुलीचं नाव टुंपा, इथं कोणाशी बोलता येत नाही, दुकानात बोटानं दाखवून सामान आणावं लागतं. रुखमाबाई ऐकत राहिली. घसा कोरडा पडला म्हणून तिनं थोडं 'जल' मागितलं. पोरीनं आत वळून नवऱ्याला हाक दिली, माशीला, म्हणजे मावशीला, 'पानी' आण.

एवढ्या एका शब्दानं रुखमाबाईला कळलं. तिच्या मुलुखात हिंदू पाण्याला जल म्हणत आणि मुसलमान पानी. त्या वर्षी या एका शब्दावरून माणसं ओळखली गेली होती. नागपुरात आल्यावर सगळे पाणीच म्हणतात, तेव्हा नव्या नवरीला तो शब्द तोंडात घ्यायला कितीतरी दिवस लागले होते. सासू हसायची, पाणी म्हणायला काय जाते हिचं.

मोनिरुलनं पेला पुढं केला. रुखमाबाईनं घेतला, ओठांना न लावता खाली ठेवला आणि घरी निघून आली. त्या दिवशी ती जेवली नाही. मिनलनं विचारलं तर पोट दुखते म्हणाली. आपल्या मनात एवढं विष अजून शिल्लक आहे याची तिलाच भीती वाटली. काही दिवस ती गच्चीवर गेली नाही. पण कान ऐकेनात. खालून 'आय सोना' आलं, की ती हातातलं काम सोडून खिडकीशी उभी राही. एक दिवस ती वाटीत मोहरी लावलेली वांग्याची भाजी घेऊन पुन्हा खाली गेली आणि त्या पोरीला म्हणाली, "पानी दे." पोरीचं नाव सालेहा होतं, हे तिनं त्या दिवशी विचारलं.

मग रोजची दुपार खोपटापाशी जाऊ लागली. सालेहानं तिला नदीतल्या माशांची नावं आठवून दिली, रुखमाबाईनं तिला भाजीवालीशी भाव कसा करायचा ते शिकवलं. थंडी वाढली तेव्हा दोघी टुंपाला स्वेटर घ्यायला मेट्रोनं सीताबर्डीला गेल्या. डब्यात सालेहा हरखून बाहेर बघत बंगालीत मोठ्यानं बोलत होती. पुढच्या बाकावरच्या एका माणसानं मान वळवून पाहिलं. काही बोलला नाही, नुसतं पाहत राहिला. सालेहाचा आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि वाक्य अर्धवट ठेवून ती गप्प झाली.

रुखमाबाईला एकाहत्तर साल आठवलं. त्या वर्षी तिच्या आईचा आवाज असाच खाली आला होता.

याच सुमारास अपेक्षाच्या कॉलेजात एक कार्यक्रम ठरला. जगात झालेले नरसंहार, अशा विषयावर मुलांनी बोलायचं होतं. कोणाला जर्मनीतले ज्यू आले, कोणाला आर्मेनिया, कोणाला रवांडा. अपेक्षाच्या वाट्याला एकाहत्तरचं पूर्व पाकिस्तान आलं. ती स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन पाठ करत होती. किती लाख मेले यावर अजून एकमत नाही, असं वाक्य होतं. तिनं ते दोन-तीनदा म्हटलं.

रुखमाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याच्यात माही माय धरली का त्याईनं?"

"कोणी, आजी?"

"जे मोजून राहिले त्याईनं. माही माय, बाप, दुलालदादा. मी होती तिथं."

अपेक्षा तिच्या समोर खाली बसली. तिनं विचारलं, "रेकॉर्ड करू का?" रुखमाबाई म्हणाली, "कर."

आणि तिनं सगळं सांगितलं. गाव सोडून ते नदीकाठच्या एका बाजारापर्यंत कसे चालत आले, पलीकडे हिंदुस्थानात जायला हजारो माणसं तिथं कशी थांबली होती, भाऊ दुलाल तीन विटांवर भात कसा शिजवत होता. सकाळीच पाकिस्तानी सैनिकांच्या गाड्या आल्या. आईनं तिला नदीत ढकललं, जलपर्णीचा गठ्ठा तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, हलू नकोस. ती हलली नाही. आईच्या लुगड्याचा पदर पाण्यात पडला, भिजला, जड झाला, आणि मग आई त्याला ओढून घेईना. गोळ्यांचे आवाज थांबल्यावरही ती तशीच उभी होती. प्रेतं काढायला लावलेल्या नावाड्यांपैकी एकानं, कासेम त्याचं नाव, तिला पाहिलं. त्यानं तिला जाळ्यांखाली घातलं आणि एका अनोळखी म्हातारीसोबत पलीकडच्या काठाला सोडलं. ज्यानं सैनिकांना वाट दाखवली तो तिच्याच गावचा होता, बापाकडून दर ईदला नारळ नेणारा. हेही तिनं सांगितलं.

अपेक्षा रडत होती. रात्री तिनं ते मैत्रिणीला पाठवलं, एवढ्या मोठ्या गोष्टीचं काय करावं हे न कळून. मैत्रिणीनं भावाला दाखवलं. पुढं ते कोणाकडून कोणाकडे गेलं, ते कधीच कळलं नाही.

वस्तीत त्या दिवसांत कुरबूर सुरू झालीच होती. कोणाची सायकल गेली, तर नाव लेआऊटवरच्यांचं निघे. नळाला पाणी कमी आलं, तर तेच. फोनवर कुठल्या कुठल्या गावचे व्हिडिओ येत आणि पानठेल्यावर पोट्टे ते एकमेकांना दाखवत. "हे सारे बांगलादेशी होय बे." मोनिरुलकडे आधार होतं, मतदान कार्ड होतं, मालद्याच्या शाळेचा दाखलासुद्धा होता. पण ते बघायला कोणी मागत नव्हतं.

एका संध्याकाळी समाजभवनात बैठक बोलावली गेली. बोलावणारे रुपराव. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, वस्तीत कोणाच्याही अडीनडीला धावणारा माणूस. चंपतरावांना छातीत दुखलं तेव्हा यांनीच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. रुखमाबाईला त्यांनी मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं. मग स्पीकरला फोन लावला. रुखमाबाईचा स्वतःचाच आवाज भवनात भरला. गाड्या आल्या, आईनं ढकललं, पदर जड झाला. तिथं आवाज तुटला. कासेम नव्हता. सैनिकांच्या आधीचं काहीच नव्हतं. कोणीतरी कापून तेवढंच ठेवलं होतं.

बाया डोळे पुसत होत्या. रुपरावांनीही रुमाल काढला, आणि ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, "आपल्या काकूनं एवढं सोसलं अन् आपल्याले पत्ता नाही. अन् आज तेच लोक आपल्या मागच्या लेआऊटवर येऊन राहिले. आता तरी जागे व्हा."

रुखमाबाई उठली. वळून तिनं आपल्याच खुर्चीची पाठ धरली.

"रुपराव, हे माह्या तोंडचं अर्धंच आहे गा. बाकीचं कुठी गेलं?"

"काकू, तुम्ही बसा."

"नाही बसत. माह्या मायले सैनिकानं मारलं. पण सैनिक शेवटी आले. आधी बोलणं आलं. बाजारात आलं, शाळेत आलं, घाटावर आलं. हे इथले नाही, यायले हाकला. माहा बाप म्हणे, बोलून राहिले, बोलू द्या, बोलल्यानं काय होते. मग दुकानदार सामान देईना. मग शेजारी नजर देईना. मग गाड्या आल्या. गाड्या आल्या तवा कोणालेच नवल वाटलं नाही, कारण साऱ्यायच्या मनात आम्ही आधीच मेलो होतो." ती रुपरावांकडे वळली. "तुम्ही आज जे बोलून राहिले ना, ते मी ऐकलं आहे. भाषा दुसरी होती. बाकी सारं हेच होतं."

क्षणभर तिला वाटलं, पोचलं. मग मागून एका तरुणानं विचारलं, "म्हणजे आजी, तुम्ही त्यायच्या बाजूनं आहा का?"

"मी त्या पोरीच्या बाजूनं आहे. तिची पोरगी अडीच वर्साची आहे."

"तुमच्या मायले मारलं त्याईनं, अन् तुम्ही..."

"सालेहाची मायबी तवा जन्मली नसन, बाबू."

कोणीतरी हसलं. एक बाई हळूच म्हणाली, "बरं नसन वं त्यायले, घरी न्या." रुपरावांनी आपल्या हातानं रुखमाबाईला पाणी दिलं, खांद्याला धरून बसवलं. "वय झालं काकूचं," ते इतरांना म्हणाले. आणि बैठक पुढं सुरू झाली. खोपटं उठवायला ठेकेदाराला सांगायचं आणि तोवर त्यांना कोणी सामान द्यायचं नाही, असं ठरलं. रुखमाबाई पुढच्या खुर्चीवर बसून ते ऐकत होती.

घरी आल्यावर धर्मेंद्रनं दार लावून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. "आई, तुले कळून राहिलं का तू काय केलं? तू कुठं जन्मली हे साऱ्या वस्तीले आता माहीत झालं. उद्या कोणी येऊन म्हटलं, काकूचा जन्माचा कागद दाखवा, तर मी काय दाखवू?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपण नागपूरच्या आहोत, या दारावरच्या पाटीच्या आहोत, यात तिला कधी शंका आली नव्हती. मुलगा वाईट बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि भीती खरी होती. "तू फक्त चूप राय," तो म्हणाला, "माह्यासाठी नाही तर अपेक्षासाठी."

ती चूप राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. खालून सालेहानं हाक दिली तर खिडकीशी गेली नाही. बाप म्हणाला होता, बोलू द्या. आता लेक म्हणत होता, चूप राय. यातलं काय केल्यानं माय वाचली असती, याचा विचार करत ती पडून राहिली.

रविवारी कंपन्यांना सुटी. वस्तीतले गडी घरी होते. सकाळचे चहा झाले आणि माणसं लेआऊटवर जमली. ठेकेदार आलाच नाही. चौकशीसाठी म्हणून पोलिसांनी मजूर पुरुषांना गाडीत बसवून नेलं. मोनिरुल कागदांची पिशवी हातात उंच धरून होता, ती कोणी घेतली नाही. गाडी वळल्यावर टिनं ओढायला सुरुवात झाली. टिन काँक्रीटवर पडल्याचा आवाज घराघरात जात होता. रुखमाबाईनं कानांवर हात ठेवले. कोणाला मारलं नाही, असं रुपराव नंतर सगळ्यांना सांगत. ते खरं होतं. चूल लाथेनं उडवली, तांदूळ मातीत गेले, टुंपाचं स्वेटर कोणाच्या तरी पायाखाली होतं.

दार वाजलं. सालेहा होती, कडेवर मुलगी. "माशी," एवढंच म्हणाली.

धर्मेंद्र दारात उभा राहिला. त्यानं दार पुरतं उघडलं नाही, लावलंही नाही. समोरच्या गच्च्यांवरून लोक बघत होते. रुखमाबाई त्याच्या मागं उभी होती आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. पाण्यात उभं असताना जसा फुटला नव्हता, तसाच.

तेव्हा मिनल शिलाई मशीनवरून उठली. नवऱ्याच्या दंडाला धरून तिनं त्याला बाजूला केलं. "सरका," ती म्हणाली. "लेकरू आहे." सालेहाला आत घेऊन तिनं कडी लावली.

मोनिरुल दोन दिवसांनी सुटून आला. ओठ सुजला होता, एक पाय टेकता येत नव्हता. कागद बरोबर आहेत, असं त्याला सांगण्यात आलं होतं, पण इथं राहू नका, असंही सांगितलं होतं. तोवर दूधवाल्यानं रुखमाबाईच्या घरी दूध घालणं बंद केलं होतं. रुपराव येऊन गेले, चहा घेतला नाही. "तुमच्यासाठी सांगतो काकू," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. रुखमाबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

स्टेशनवर पोचवायला ती आणि अपेक्षा गेल्या. हावड्याकडच्या गाडीच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोनिरुलनं खिडकीतून सालेहाला आत ओढलं, मग टुंपाला. सालेहानं गजांमधून रुखमाबाईचा हात धरला आणि विचारलं, माशी, तिकडं तरी आम्हाला राहू देतील ना. खोटं बोलून धीर द्यायचीसुद्धा रुखमाबाईची ताकद उरली नव्हती. तिनं नुसता हात दाबला. गाडी हलली तेव्हा हात सुटला.

काही दिवस फोन लागत होता. मालद्यात नाही, आणखी कुठं तरी काम शोधतो आहोत, असं सालेहा म्हणाली. मग फोन बंद लागू लागला.

अपेक्षा कॉलेजच्या कार्यक्रमात बोलली. आजीचं सगळं सांगितलं, कासेमसकट, आणि त्याला जोडून मागच्या लेआऊटवरच्या रविवारचंही सांगितलं. सर म्हणाले, पहिला भाग फार चांगला होता, दुसरा विषयाला सोडून झाला. घरी येऊन तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मी पाठवलं नसतं तर झालंच नसतं," ती म्हणाली. रुखमाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. "झालंच असतं," ती म्हणाली. "दुसरं काही शोधलं असतं त्याईनं."

लेआऊटवर नवे मजूर आले, छत्तीसगडचे. बांधकाम वर चढलं. उन्हाळा लागेस्तोवर वस्तीत त्या रविवारचं नाव कोणी काढेना. लपवतात असंही नव्हतं. ते खरोखर विसरले होते, आणि रुखमाबाईला ते लपवण्यापेक्षा भयंकर वाटलं. नदीकाठच्या त्या बाजारात पुन्हा बाजार भरत असेल. तिथंही कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा विसरलं असेल.

धर्मेंद्रनं सांगितलेलं तिनं त्यानंतर पाळलं नाही. ती रोज बाहेर पडते. ज्या दुकानांनी तेव्हा सामान बंद केलं होतं त्यांच्याकडेच जाते. घाई न करता उभी राहते आणि विचारते. धर्मेंद्रनं तिच्याशी बोलणं कमी केलं आहे. तिला समोरून येताना पाहून काही बाया रस्ता बदलतात. परवा किराणावालीकडं ती साखर घ्यायला गेली.

"इथी मागं सालेहा नावाची पोरगी राहे. तिची टुंपा होती. तुह्या दुकानातून बिस्किट न्यायची. आठवते का वं?"

"नाही बाप्पा. कितीक लोक येतात."

"काळीसावळी होती. नवरा गवंडी. त्यायचं घर मोडलं आपण."

किराणावालीनं साखर तोलून पुढं केली आणि रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकतं आहे का. "काकू, जाऊ द्या ना आता. काहून तेच तेच?"

रुखमाबाईनं पिशवी घेतली नाही. मागं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. ती दुकानाच्या फळीला धरून तशीच उभी राहिली. "सालेहा तिचं नाव," तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.